कोठी आणि दस्ता

मराठीत 'काटकसर' हा शब्द मानाचा आहे. काटकसरी बाईचं कौतुक होतं आणि उधळ्या माणसाला लोक हसतात. त्यामुळे एखादं सरकार काटकसर जाहीर करतं तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात त्या निर्णयाला आधीच थोडी जागा झालेली असते. पण या शब्दाच्या पोटात 'कसर' आहे. कसर म्हणजे उणीव, आणि ठेवणीतल्या लुगड्याला किंवा जुन्या पोथीला पोखरणारा बारीक किडाही कसरच. डाव्या विचारांची माणसं काटकसरीला हरकत घेतात ती इथे. कसर लागते कुणाच्या पेटीत? घरात काटकसर करणारी बाई आधी स्वतःच्या ताटातलं कमी करते. सरकारी काटकसरीत ताट कमी होतं ते सहसा तिचं, जिला निर्णयाच्या बैठकीला कुणी बोलावलेलं नसतं.

हा प्रश्न मुंबईपासून लोकलच्या एका तिकिटावर पाहता येतो. मुंबईकराला कर्जत म्हणजे स्टेशनवरचा वडापाव, फार्महाऊस आणि पावसाळी धबधबे. खालापूर म्हणजे द्रुतगती मार्गावरचा टोलनाका आणि पुढे खोपोलीचा घाट. पण जुलैत धबधबे भरात येतात तेव्हाच डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवरच्या कणग्यांचा तळ दिसू लागतो. गेल्या हंगामाचं भात संपलेलं, लावणी चालू, नवं पीक दिवाळीच्या आगेमागे. मधले तीन महिने टाकळा, कुरडू, भारंगी, ओढ्यातले खेकडे आणि उधारी. खाली सपाटीवर चित्र वेगळं आहे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी राजनाल्याच्या कालव्याने शेतात येतं आणि उन्हाळी भातही होतं. कर्जतला तर भाताचं संशोधन केंद्र १९१९ पासून आहे, 'कर्जत' नावाच्या जाती महाराष्ट्रभर पेरल्या जातात. त्याच तालुक्यात, कालवा जिथे चढू शकत नाही त्या उंचीवर, दर पावसाळ्यात धान उसनं आणावं लागतं.

उसन्या धानाचा हिशेब तोंडी असतो. सवाईने घेतलं तर मणाला सव्वा मण परत, दिढीने घेतलं तर दीड मण. मुदत चार-पाच महिन्यांची. ऐकताना हे बँकेच्या टक्क्यांपेक्षा सौम्य वाटतं, म्हणून एकदा मांडून पाहावं. पाच महिन्यांत पन्नास टक्के म्हणजे वर्षाला एकशे वीस टक्क्यांवर गेलेला दर. शिवाय धान घेताना ते महाग असतं आणि फेडताना खळ्यावर स्वस्त, म्हणजे पैशात मोजलं तर तोटा आणखी वाढतो. सुगीत दीड मण देऊन टाकल्यावर पुढच्या आषाढासाठी कणगीत मागच्यापेक्षा कमी उरतं आणि पुढच्या वर्षी जास्त उसनं लागतं. कातकऱ्यांकडे बहुतेकदा फेडायला शेतही नसतं. मग वीटभट्टीवाल्याची किंवा कोळसाभट्टीवाल्याची उचल घ्यायची आणि पावसाळा सरला की बायकापोरांसह अंगमेहनतीने ती फेडायला निघायचं.

ही साखळी तोडण्याचा या भागातला सर्वांत लक्षात राहिलेला प्रयत्न विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा. जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२, नाभिक कुटुंबात. कायद्याची पदवी घेतली, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. लोक त्यांना भाई म्हणत. वकिली शेतकऱ्यांच्या बाजूने केली, गावोगाव शाळा सुरू केल्या, आणि टंचाईच्या काळात धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या. कोठीची कल्पना साधी आहे. ज्यांच्याकडे धान आहे त्यांच्याकडून ते एका जागी जमा करायचं, अडलेल्याला बेताच्या वाढीने द्यायचं, सुगीला परत घ्यायचं. सावकाराचा व्यवहार तोच राहतो, सावकार मात्र गळून पडतो. वाढीव धान कुणा एकाच्या वाड्यात जायच्या ऐवजी त्याच कोठीत पडतं.

भाईंना शाळेच्या पुस्तकात जागा मिळाली ती पुढच्या घटनेमुळे. ऑगस्ट १९४२ नंतर ते भूमिगत झाले आणि 'आझाद दस्ता' ही त्यांची तुकडी उभी राहिली. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. इथल्या डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाई आणि तारांखालच्या वाड्यांत रॉकेलची चिमणी असे. दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात त्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील मारले गेले. नेरळला हुतात्मा चौक आहे. मनोऱ्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कोठीची फार कमी जणांना. मला वाटतं, हे आपल्या इतिहास सांगण्याच्या सवयीला धरूनच झालं. बंदूक आठवते, पायली विसरली जाते.

कोतवालांवर 'डावे' असा शिक्का मारण्याची मला हौस नाही. ते ज्या चळवळीत होते ती तिरंग्याखालची होती. पण डाव्या चळवळीला पुढे छळणारा प्रश्न त्यांच्या दोन कामांत शेजारीशेजारी पडलेला आहे. आपलं आपण उभं करायचं की ज्याने अडवून ठेवलंय त्याच्याशी भिडायचं? कोठी की दस्ता?

युरोपात या प्रश्नावर शाई बरीच खर्ची पडली होती. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या विणकरांनी आपलं किराणा दुकान काढलं, तिथून आधुनिक ग्राहक सहकाराची गोष्ट सांगायला सुरुवात होते. वीस वर्षांनी, १८६४ मध्ये, कामगारांच्या पहिल्या इंटरनॅशनलसमोर मार्क्सने सहकारी कारखान्यांची मनापासून तारीफ केली. मालकाशिवाय मोठं उत्पादन चालतं हे त्यांनी वाद घालून नाही तर करून दाखवलं, असा त्याचा मुद्दा. पण लगेच त्याने हेही बजावलं की सत्ता जमीनदार-भांडवलदारांच्या हाती असेतो हे प्रयोग विखुरलेलेच राहतील. रोझा लक्झेम्बर्ग याहून कडक. १८९९ मध्ये तिने मांडलं की बाजाराच्या समुद्रातल्या सहकारी कारखान्याला तग धरायचा तर स्वतःच्याच कामगारांशी मालकासारखं वागावं लागतं, आणि तसं वागायचं नसेल तर तो बुडतो. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याचा ऊसतोडणी मजुराशी असलेला व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला रोझाचं म्हणणं समजायला जर्मन यावं लागत नाही. सभासद शेतकरी मालक झाला, त्याचा ऊस तोडणारा बीडचा मजूर मुकादमाच्या उचलीतच राहिला.

इथे एक वळसा घ्यायला हवा, कारण मधल्या काळात सरकार नावाची तिसरी गोष्ट वाडीपर्यंत पोचली. कोतवाल मारले गेले त्याच १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. युद्धाची गरज म्हणून आलेली ही व्यवस्था पुढे गरिबाचा हक्क मानली गेली. पण तोही आपोआप नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या समाजवादी आणि कम्युनिस्ट बाया लाटणी हातात घेऊन रस्त्यावर आल्या, ते याच व्यवस्थेकडे हक्काने मागायला. त्याच दुष्काळातून रोजगार हमी आकाराला आली आणि १९७९ मध्ये तिचा कायदा अमलात आला. आदिवासींच्या सावकारीवर १९७६ च्या कायद्याने बंधनं आली. सावकार हटवायचा तर पावसाळ्यात त्याची जागा कोण घेणार, या प्रश्नाला उत्तर म्हणून १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळाचं खावटी कर्ज आलं. खावटी म्हणजे खाण्यापुरतं. सरकारी योजनांना इतकी नेमकी नावं क्वचित मिळतात.

म्हणजे कोतवालांची कोठी एका अर्थी सरकारने चालवायला घेतली. मग ती गळू लागली. गळतीची तऱ्हा नीट पाहण्यासारखी आहे, कारण काटकसर बहुधा योजना बंद करत नाही, ती चालू ठेवून पातळ करते. रोजगार हमीची मजुरी १९८८ मध्ये जवळपास दुप्पट झाली आणि त्यानंतर कामंच कमी निघू लागली. कायदा कागदावर तसाच राहिला. १९९१ नंतर अनुदानं आटवण्याचं धोरण आलं. जून १९९७ पासून रेशन 'लक्ष्य निर्धारित' झालं, म्हणजे सगळ्यांसाठी असलेलं दुकान गरीब आणि बिगरगरीब अशा दोन रांगांत विभागलं गेलं. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डं आली. पिवळ्या कार्डाची मर्यादा कुटुंबाच्या वर्षाच्या पंधरा हजार उत्पन्नाची, म्हणजे सबंध घराला दिवसाला एक्केचाळीस रुपये. नवरा-बायको दोघांनी वीटभट्टीवर नियमित काम केलं असं कागदावर आलं की ते 'वर' गेले. २००० साली दारिद्र्यरेषेच्या वरच्यांसाठी धान्याचा दर सरकारला पडणाऱ्या पूर्ण खर्चाइतका झाला. तो बाजारभावाच्या जवळ गेल्यावर केशरी कार्डवाल्यांनी दुकानाची पायरी सोडली, आणि गिऱ्हाईक कमी झालं म्हणून दुकानदाराला दुकान रोज उघडणं परवडेना.

कर्जतच्या कशेळे भागात ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने १९८० च्या दशकात आदिवासी वाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या होत्या. कोतवालांची कोठी चार दशकांनी त्याच तालुक्यात नव्या नावाने परत आली. पुढे १९९६-९७ मध्ये केंद्र सरकारने आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना काढली. तिचा साचा ढोबळमानाने असा: एका बँकेत चाळीसपर्यंत कुटुंबं, प्रत्येकी एक क्विंटल धान्य सुरुवातीला सरकारकडून, पुढे उसनवारी आणि परतफेड गावाची. सालाकडे जरा लक्ष द्या. एका हाताने ग्राम धान्य बँक येते आणि दुसऱ्या हाताने, वर्षभरात, रेशनची कात्री येते.

डाव्यांचा संशय इथून सुरू होतो आणि तो निराधार नाही. गावाने स्वतः सांभाळावं, स्वावलंबी व्हावं, लोकसहभाग असावा, ही सगळी भाषा मूळची चळवळींची. ती सरकारच्या तोंडी आली की तिचा अर्थ 'आमच्याकडे मागू नका' असा होऊ शकतो. २०१० नंतर ग्रीसमध्ये कर्जदारांच्या अटींखाली इस्पितळांवरचा खर्च कापला गेला तेव्हा डॉक्टरांनी फुकट दवाखाने उघडले, शेतकऱ्यांनी दलाल टाळून शहरात बटाटे विकले. या कामात पुढे असलेली माणसंच आपसात भांडत होती: आपण लोकांना वाचवतोय, की सरकारने सोडलेली जागा भरून त्याची लाज झाकतोय? वाडीवर धान्य बँक चालवणाऱ्या कार्यकर्त्याला हा वाद परका वाटणार नाही.

वाद तत्त्वाचा वाटतो, पण मला त्याचं उत्तर अंकगणितात सापडतं. चाळीस कुटुंबं, चाळीस क्विंटल, वाढ सवाईने. सगळ्यांनी परत केलं तर पहिल्या सुगीला पन्नास, दुसऱ्या सुगीला साडेबासष्ट, तिसऱ्या सुगीला अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षांत कोठी जवळपास दुप्पट, तीही दिढीच्या निम्म्या वाढीवर. कागदावर सुंदर. आता एका वर्षी ऑक्टोबरात कापणीच्या वेळी पाऊस आला, लोंब्या शेतातच उगवल्या. ते एका घराचं नुकसान नसतं, चाळीसही घरांचं असतं. शहरातल्या बँकेचे कर्जदार शंभर धंद्यांत विखुरलेले असतात, वाडीच्या कोठीचे सगळे कर्जदार एकाच ढगाखाली असतात. ज्या वर्षी धान परत येत नाही नेमकं त्याच वर्षी सगळ्यांना ते जास्त हवं असतं. एकमेकांना आधार द्यायला एकमेकांची सुगी वेगवेगळ्या वेळी बुडावी लागते आणि पाऊस तेवढी मर्जी राखत नाही. खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली. एका रात्रीत वाडीच नाहीशी होते तेव्हा वाडीने वाडीला सावरणं म्हणजे काय?

म्हणून कोठीच्या मागे तिच्याहून मोठी कोठी लागते, जिच्यावर एकाच वेळी सगळीकडे पाऊस पडत नाही. राज्याकडे मागायचं ते एवढ्यासाठी. त्यात दयेचा भाग नाही. केरळमधलं दिनेश बिडीचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. बिडी कामगारांसाठीचा १९६६ चा कायदा लागू होऊ लागला तेव्हा कन्नूरकडच्या खासगी मालकांनी सोयी देण्यापेक्षा कारखाने बंद करणं पसंत केलं. १९६९ मध्ये कामगारांची सहकारी संस्था निघाली. तिच्या मागे लढाऊ युनियन होती आणि डाव्यांच्या सरकारचं भांडवल होतं. दोन्हींपैकी एक नसतं तर ती फार चालली नसती असं मला वाटतं. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारच्या काळात निघालेल्या जंगल कामगार सहकारी संस्थांना झाडतोडीची कूपं मिळाली, ठेकेदार हटला. पण कारभार बराचसा वाडीबाहेरच्या पुरस्कर्त्यांच्या हातात राहिला, आणि झाडतोडीवर बंधनं आल्यावर पाय टेकायला खाली काहीच नव्हतं.

सहकाराचे दोष डाव्यांच्या घरातही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. कर्जत-खालापूरचा रायगड जिल्हा हा शेतकरी कामगार पक्षाचा जुना बालेकिल्ला. त्याच पक्षाच्या प्रभावाखालच्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. ठेवीदारांत साधी माणसं होती. लाल बावट्याखाली उघडलेल्या तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे आणि वही कोण तपासतं, हे प्रश्न बावट्याच्या रंगाने सुटत नाहीत. वाडीच्या कोठीत निदान एक सोय असते. तिच्यात किती धान आहे ते डोकावून दिसतं.

उलट बाजूने, नुसता दस्ताही जेवल्याशिवाय चालत नाही. याच जिल्ह्यात, अलिबागच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या विरोधात १९३३ मध्ये संप सुरू झाला आणि १९३९ पर्यंत टिकला. पंचवीस गावांच्या कुळांनी जमिनी कसल्या नाहीत. लोक त्या संपाच्या लांबीचं कौतुक करतात. मला मात्र नेहमी प्रश्न पडतो की सहा वर्षं चुलीवर काय होतं. लाकूडफाटा तोडून, मिळेल ती मजुरी करून, भाज्या आणि रानमेवा विकून घरं चालली. संप जितका खोताच्या ओटीवर लढला गेला तितकाच स्वयंपाकघरात लढला गेला, आणि स्वयंपाकघरातल्या लढवय्यांची नावं फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत.

हल्लीच्या वर्षांत इथल्या वाड्यांवरचा लढा दळी जमिनींचा आहे. इंग्रजी अमलात डोंगरउतारावर ठाकर-कातकऱ्यांना नाचणी-वरीसाठी दिलेले हे तुकडे. कसणारा पिढ्यान्‌पिढ्या कसतो, पण सातबाऱ्यावर नाव वनखात्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करायची वाट उघडली आणि दाव्यांच्या फायलींचा नवा डोंगर तयार झाला. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला चालत आला तेव्हा त्यातली एक मुख्य मागणी हीच होती. नावावर जमीन आली की उसन्या धानाची गरज कमी होते, उचल घेताना हात थोडा आखडतो.

लढून मिळवलेल्या गोष्टींची यादी अगदीच लहान नाही. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २ मे २००३ च्या आदेशाने आदिम जमातींना अंत्योदय रेशन कार्ड द्यायला सांगितलं. त्यात कातकरी येतात. महिन्याला घरटी पस्तीस किलो. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांचे एकशे पाच किलो, म्हणजे धान्य बँकेच्या एका कुटुंबाच्या वाट्याएवढंच, आणि परत करायचं नाही. पण रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागला तर. भट्टीवर विटा थापून घासलेला अंगठा लागत नाही, डोंगराच्या कुशीत नेटवर्क लागत नाही. खावटीचं कर्ज मधली काही वर्षं थांबलं होतं. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये ते अनुदान म्हणून परत आलं: घरटी चार हजार, निम्मे बँकेत आणि निम्म्याचं सामान. ते मंजूर झालं तेव्हा ऑगस्ट निम्मा होत आला होता.

दर २ जानेवारीला सिद्धगडावर माणसं जमतात. आदल्या रात्रीपासून नेरळ-कर्जतकडून आणि मुरबाडकडून लोक वर चढू लागतात. तेव्हा थंडी असते, खालच्या शेतांत भाताच्या उडव्या रचून झालेल्या असतात, कुठे झोडणी संपून पाखडणं चालू असतं. पावसाळ्यात नेलेलं धान याच दिवसांत परत आणून द्यायचं असतं.